ब्रीच प्लग दरवर्षी अडकतो? आधी त्याच्या नाकावरची काजळी वाचा

सप्टेंबर उतरणीला लागला की मला पेनसिल्व्हेनियाहून व्हिडिओ कॉल येतो. पडद्यावर माझा भाचा, मागे त्याचे गॅरेज, हातात पाना. "मामा, परत अडकला रे." चवथ कशी झाली, गणपतीवरच्या माटोळीला यंदा काय काय बांधले, काही विचारणे नाही, थेट प्लग. म्हणजे त्याच्या रायफलीचा ब्रीच प्लग, नळीचे बूड बंद करणारा, स्क्रूसारखा आट्यांवर फिरवून बसवायचा तुकडा. तीन वर्षे लागोपाठ हाच फोन आला. चौथ्या वर्षी आला नाही. तो का आला नाही, ते सांगायला हे लिहितो आहे.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. मांडवीतून खनिज वाहणाऱ्या बार्जवर इंजिन फिटर होतो. २०१२ साली खाणी थांबल्या, बार्ज काठाला लागल्या आणि मी घराला लागलो. बंदुकीतला तज्ज्ञ मी नव्हे. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी शेताच्या राखणीची, परवान्याची एक ठासणीची बंदूक आहे. ती आता थोरल्या भावाच्या नावावर आहे. तिचे शेवटी सांगतो. पण जाम झालेला आटा सोडवणे हे मी जन्मभर केले, आणि भाच्याचे दुखणे बंदुकीचे नसून आट्याचे आहे हे हळूहळू माझ्या ध्यानात आले.

त्याची रायफलही ठासणीचीच. दारू आणि गोळी तोंडातून भरायची, गजाने ठासायची. फरक बुडाचा. आमच्या जुन्या बंदुकीचे बूड कारागिराने एकदा आवळले की ती जन्माची गाठ. आग बाजूच्या निपलमधून, म्हणजे ठिणगीची टोपी जिच्यावर बसते त्या पोकळ खुंटीतून, आत जाते. नव्या 'इनलाइन' जातीत बूड म्हणजे आट्यांचा, काढता येणारा प्लग, आणि आग नळीच्या बरोबर मागून सरळ रेषेत जाते. १९८५ मध्ये मिसूरीच्या टोनी नाइट यांनी एमके-८५ ही रायफल काढली आणि तिथून या जातीचा बोलबाला झाला. पुढे टोपीच्या जागी शॉटगनच्या काडतुसाचा २०९ प्रायमर, म्हणजे ठोका बसला की आग देणारी छोटी वाटी, आला. प्लग काढला की नळी आरपार दिसते आणि मागून पुढे साफ करता येते, हे या जातीचे मोठे सुख. म्हणजे प्लग निघत असेल तर. निघाला नाही की तीच बंदूक आमच्या आजोबांच्या बंदुकीसारखी होते, फक्त किंमत जास्त.

प्लगची कामे तीन: नळीचे बूड बंद ठेवणे, प्रायमरला बसायला जागा देणे, आणि त्याची आग साधारण ०.०३० इंचाच्या, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या भोकातून दारूपर्यंत पोचवणे. तिन्ही कामे पोटात जाळ आणि पाठीला दाब घेऊन.

पान्याला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट, आणि ही मी भाच्याला दरवेळी पहिल्यासारखी सांगतो. प्रायमर काढ आणि नळी रिकामी आहे का ते गजाने मोज. गज तोंडातून बुडापर्यंत सोडायचा, तोंडाशी खूण करायची, मग तोच गज नळीच्या बाहेरून धरून टोक प्लगच्या नाकापर्यंत पोचते का ते बघायचे. दोन-तीन इंच कमी पडला तर आत दारूगोळा बसलेला आहे. भाच्याने आता गजावर दोन कायमच्या खुणा केल्या आहेत, रिकामीची आणि भरलेलीची. "मी मागच्या वर्षीच बार काढला होता" ही आठवण पुरावा म्हणून चालत नाही. नळी भरलेली आणि प्लग अडकलेला असेल तर हातोडा नाही, उष्णता नाही, पाइप लावून ओढणे नाही. तिथे कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यावर चालणारे साधन मिळते, ते मागच्या बाजूने वायू सोडून गोळी पुढे ढकलते. ते वापरायचे किंवा बंदूक कारागिराकडे न्यायची. पुढचे सगळे रिकाम्या नळीबद्दल.

पहिले वर्ष: मीठ

पहिल्या वर्षी काय झाले होते? ऑक्टोबरच्या मोसमात त्याने चार-पाच बार काढले, संध्याकाळी नळीत तेलाचा फवारा मारला, बाहेरून पुसून चकचकीत केली आणि कपाटात ठेवली. पुढच्या सप्टेंबरला प्लग नळीशी एकजीव. मला फोन करण्याआधी पठ्ठ्याने पान्याला पाइप लावून जोर केला आणि प्लगच्या षट्कोनाचे कोपरे गोल केले. हा फिटरलोकांचा ओळखीचा क्रम आहे: आधी ताकद, मग पश्चात्ताप, मग मामा.

काळ्या दारूत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. ती जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग वायू न होता घन स्वरूपात मागे राहतो, पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड. भाचा वापरत होता तो पर्याय, पायरोडेक्स. त्यात पोटॅशियम पर्क्लोरेटही असते, म्हणून त्याच्या राखेत क्लोराइडचे क्षार येतात. सरळ भाषेत, मीठ. आषाढात आपल्याकडे मिठाच्या बरणीला पाणी सुटते की नाही? तेच पाणी तिथे प्लगच्या आट्यांत सुटते, लोखंड खाते, गंज फुगतो आणि आटे धरले जातात. तेलाने मीठ विरघळत नाही. वरून तेल, खाली मीठ, मध्ये ओल, असा थर त्याने स्वतःच्या हाताने घालून ठेवला होता. खाऱ्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या बार्जवर आम्ही नट-बोल्ट आधी गोड्या पाण्याने धुवायचो आणि मग ग्रीस लावायचो. उलट क्रम केला तर मिस्त्री ग्रीसचा डबा डोक्यात घालायचा.

सोडवायला तीन दिवस लागले. नळी उभी धरून बुडाकडचा भाग गरम पाण्याच्या बादलीत ठेवायला लावला आणि तोंडातूनही गरम पाणी ओतायला लावले, म्हणजे मीठ दोन्ही बाजूंनी सुटेल. पाणी निथळून कोरडे केल्यावर जाम सोडवायचे पातळ तेल, तेही दोन्हीकडून: मागून आट्यांवर आणि पुढून, नळीतून, प्लगच्या नाकावर. बहुतेक लोक फक्त मागून मारतात आणि अडकलेली जागा पुढे असते. रात्रभर तसेच. सकाळी गोल झालेल्या कोपऱ्यांवर घट्ट बसणारा सॉकेट आणि छोटा, झटका दिलेला दाब. लांब दांड्याने सावकाश पिळू नये. आटा झटक्याला सुटतो, पिळण्याला तुटतो. आणि सैल करण्याआधी एकदा घट्ट करण्याच्या दिशेने हलका झटका. गंजाचा पापुद्रा त्याने फुटतो. गॅसची ज्योत लावायची नाही. नळीच्या पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे त्याचा कणखरपणा, उतरतो, ती परत पूर्वीसारखी राहत नाही.

निघाला तेव्हा भाचा नाचला. मीही मिशीत हसलो. दोघांनाही वाटले काम संपले.

दुसरे वर्ष: खांदा

दुसऱ्या वर्षी त्याने प्लग त्याच दिवशी साबणाच्या पाण्याने धुतला, कोरडा केला, आट्यांना ग्रीस फासले, आवळला. पुढच्या सप्टेंबरला परत तेच. "मामा, तू सांगितलेस ते सगळे केले." आवाजात तक्रार होती, आणि ती रास्त होती.

यावेळी प्लग दोन दिवसांत निघाला. मी म्हटले, पुसू नकोस, तसाच कॅमेऱ्यापुढे धर. त्याने धरला आणि मला बार्जवरचा एक इंजेक्टर आठवला.

डिझेल इंजिनाच्या हेडमध्ये इंजेक्टर बसतो. त्याच्या टोकाशी तांब्याचा वायसर, म्हणजे वॉशर, असतो, ज्वलनाचा वायू तो अडवतो. आमच्या एका बार्जचा तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर दर खेपेला अडकायचा. चेन-ब्लॉक लावून उपटावा लागायचा. आम्ही दरवेळी वरून तेल, वरून ग्रीस. शेवटी म्हाताऱ्या मिस्त्रीने उपटलेला इंजेक्टर हातात घेतला, टोकाकडून वर गेलेला काळा पट्टा दाखवला आणि म्हणाला, "हा अडकत नाय रे. खालचा वायसर गळता." आम्ही वरच्या बाजूला उपाय करत होतो आणि काजळी खालून, सीलच्या फटीतून चढत होती.

भाच्याच्या प्लगवर तोच पट्टा. नाकाच्या कडेला एका बाजूला चकचकीत धातू आणि दुसऱ्या बाजूला, साधारण घड्याळातल्या चारपासून सहापर्यंत, काळी वाट, सरळ आट्यांत शिरलेली. बहुतेक इनलाइन प्लगमध्ये वायू अडवायचे काम आटे करतच नाहीत. आटे फक्त प्लग धरून ठेवतात. वायू अडतो तो प्लगचे नाक किंवा खांदा नळीतल्या कडेला जिथे टेकतो तिथे. तिथे फट राहिली की प्रत्येक बाराला तापलेली राख फटीतून मागे आट्यांत फेकली जाते. मग बाहेरून कितीही ग्रीस लावा.

फट का राहिली? प्लग त्याने धुतला होता, पण नळीतली ती कडा नाही. ती आत, अंधारात, आट्यांच्या पुढे असते. ब्रश आट्यांतून फिरतो आणि तिच्यापर्यंत पोचत नाही. तिथे राखेचे कडे साचले होते, प्लगचे नाक त्या कड्यावर टेकले आणि हाताला घट्ट बसल्यासारखे लागले. दुसरी चूक ग्रीसची. बेअरिंगचे साधे ग्रीस त्या उष्णतेत जळून कोळसा होते आणि तो कोळसाच आट्यांत डिंक होऊन बसतो. तांब्याची किंवा निकेलची पूड असलेली अँटी-सीझ पेस्ट घ्या. तांब्याची हजार अंश सेल्सियसच्या आसपास टिकते. तीही फक्त आट्यांना, पातळ, दातकोऱ्याने ओढल्यासारखी. नाकाला नाही आणि आगीच्या भोकाजवळ तर मुळीच नाही. काही लोक पाण्याच्या नळाची पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतात. चालते, पण तिची चिंधी सुटून नाकाखाली गेली की परत फट. मला पेस्ट बरी वाटते. स्टेनलेसच्या नळीत स्टेनलेसचा प्लग असेल तर पेस्टशिवाय कोरडा घालूच नका. ते दोन धातू एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना आटे ओरबाडून निघतात.

कडा साफ करायची त्याची युक्ती मला आवडली. त्याने एक लाकडी काठी आट्यांतून जाईल एवढी छिलली, टोक सपाट कापले, त्यावर चिंधी ताणून बांधली आणि ती ओली करून कडेवर टेकवून फिरवली. पहिली चिंधी कोळशासारखी काळी. पाचवी पांढरी.

मग खात्री करायची पद्धत, जी आम्ही व्हॉल्व्ह बसवताना वापरायचो. फिटरकडे निळी मार्किंग शाई असते; नसेल तर साधा मार्कर पेन. प्लगच्या टेकणाऱ्या कडेवर पातळ शाई लावा, प्लग नेहमीसारखा बसवा, परत काढा. शाई पूर्ण गोलात पुसली गेली असेल तर सील बरोबर. गोल कुठे तुटला असेल तर तिथून वायू जाणार. दोन मिनिटांचे काम आहे आणि मोसमभराचे भाकीत त्यात मिळते. ज्यांच्या प्लगला नाकाशी कडा नसून मागे रबराची किंवा धातूची रिंग असते त्यांनी हीच तपासणी रिंगेच्या जागी करावी. तुमचा प्लग कुठे टेकतो ते बंदुकीबरोबरच्या पुस्तिकेतल्या चित्रात दिसते.

तिसरे वर्ष: परका प्लग

कोपरे गोल झालेला प्लग त्याने बदलायचे ठरवले आणि कुठून तरी स्वस्तात दुसरा मागवला. विकणाऱ्याने लिहिले होते, आटे तेच. आटे तेच होते खरे. पण नाक केसभर आखूड. प्लग मागच्या कॉलरवर आधी टेकायचा आणि पुढची कडा अधांतरी राहायची. शाईची चाचणी केली असती तर पहिल्याच दिवशी कळले असते. त्याने ती केली नाही, "नवाकोरा आहे, त्याला काय बघायचे?" हा विचार. सप्टेंबरला फोन.

म्हणून प्लग निवडताना पहिला प्रश्न आट्यांचा नाही. तुमच्याच रायफलीच्या कारखान्याचा, तुमच्याच मॉडेलचा, आणि एकाच मॉडेलच्या नव्या-जुन्या आवृत्त्या असतील तर त्यातल्या तुमच्या आवृत्तीचा प्लग हवा. एकाच कंपनीच्या दोन रायफलींचे प्लग दिसायला सारखे आणि लांबीला वेगळे असू शकतात. वापरलेला, घासून जमवलेला, 'थोडा टर्न केला की बसतो' असा प्लग नको. मी लेथवाला असूनच हे सांगतो.

दुसरा प्रश्न दारूचा. इथे लोक सहज फसतात. ब्लॅकहॉर्न २०९ ही २००८ मध्ये आलेली दारू नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली. राख कमी, क्षार कमी, म्हणून भाच्यासारख्यांना तिचा मोह पडणे साहजिक आहे. पण ती पेटायला जोरदार आग लागते: पूर्ण ताकदीचा २०९ प्रायमर आणि मोकळी वाट असलेला प्लग. काही प्लगची रचना तिला पुरत नाही. सीव्हीए कंपनी तर तिच्यासाठी वेगळा प्लग विकते. उलट ट्रिपल सेव्हन या गंधक नसलेल्या दारूला जोरदार प्रायमर दिला की नळीत, दारूच्या अगदी पुढे, कडक काजळीचे कडे धरते आणि दुसरी गोळी ठासताना गज तिथे अडतो. त्यासाठी मुद्दाम सौम्य केलेले २०९ प्रायमर मिळतात. म्हणजे आधी दारू ठरवा, मग तिला सोसणारा प्रायमर, मग त्या दोघांना जमणारा प्लग. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात, कारण प्लग दुकानात चमकतो.

पान्याशिवाय बोटांनी निघणारे प्लगही आहेत, तीन फेऱ्यांत निघणारे आहेत, चतुर्थांश फेऱ्यात निघणारे आहेत. सोय मोठी आहे. पण बोटाने निघतो म्हणून साफ न करता ठेवला तर तोही धरतो, आणि तेव्हा त्याला पाना लावायला धड जागाही नसते.

धूरविरहित आधुनिक दारू साध्या ठासणीच्या रायफलीत कधीही नाही. तिच्यासाठी बांधलेल्या सॅव्हेज १०एमएल सारख्या मोजक्या रायफली सोडल्या तर ती प्लगसकट नळी फोडते. ब्लॅकहॉर्न ठासणीच्या बंदुकीसाठीच केलेली आहे, म्हणून तिचा दाखला देऊन कोणी दुसरी कुठली पूड घालू पाहत असेल तर त्याच्या शेजारी उभे राहू नका.

प्लग अडकत नाही, पण...

'टिक' आणि मग क्षणभराने 'धडाम', किंवा नुसतीच 'टिक'. चौथ्या वर्षी अडकण्याचा फोन आला नाही, पण हा आला. कारण ओळखीचे: भाच्याने आता इतकी काळजी घेतली की आगीच्या वाटेतही तेल आणि पेस्ट. नेम धरून चाप ओढल्यावर बार झाला नाही तर तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवून निदान दोन मिनिटे हलायचे नाही. आत ठिणगी धुमसत असू शकते. मोसमाच्या सुरुवातीला रिकाम्या नळीत गजाच्या टोकाला कापडाची चकती लावून ती बुडापर्यंत न्यावी, नुसता प्रायमर उडवावा आणि चकती काढून बघावी. मधोमध जळल्याचा ठिपका असेल तर वाट मोकळी. डाग तेलकट किंवा काहीच नसेल तर प्लग काढून भोक साफ करा.

भोक साफ करताना सुई किंवा गिटारची बारीक तार वापरा. ड्रिल नको, भोक मोठे होते. ब्लॅकहॉर्नवाल्यांना भोकाच्या मागच्या रुंद वाटेत कडक कार्बन धरतो. त्याला पाणी लागत नाही, साबण लागत नाही. त्याचे द्रावण वेगळे असते आणि उरलेला थर १/८ इंचाच्या ड्रिल बिटाने, बिट बोटांत धरून, हाताने फिरवून काढतात. मशीन लावायचे नाही आणि पुढच्या बारीक भोकापर्यंत टोक न्यायचे नाही. प्रत्येक प्लगची वाट तेवढीच रुंद असेल असे नाही, बिट सहज जात नसेल तर लहान घ्या.

पाठीमागे, प्रायमरच्या आसपास, काजळी वाढू लागली, प्रायमर फुगून अडकू लागला, गोळ्या पूर्वीसारख्या एका जागी पडेनाशा झाल्या तर भोक झिजून मोठे झालेले असते. प्रत्येक बाराला जळता वायू त्यातून मागे येतो, कानशीसारखा घासत. नवीन प्लग आणल्या दिवशी त्यात कितीचा बिट उलट्या, गुळगुळीत बाजूने जातो ते मोजून लिहून ठेवा. पुढे जेव्हा त्याच्याहून दोन-तीन मापे मोठा जाऊ लागेल तेव्हा प्लग बदला; काही प्लगना भोकाचा तेवढाच तुकडा बदलता येतो, तो थोड्या पैशात होतो. प्रायमर सैल बसत असेल तर मात्र दोष भोकाचा नसून प्रायमरच्या मापाचा असू शकतो. सगळ्या कंपन्यांचे २०९ केसाच्या फरकाने लहान-मोठे असतात. आधी दुसऱ्या कंपनीचे एक पाकीट आणून बघा.

आता भाच्याचा दिनक्रम असा: बार झाले त्याच दिवशी, जेवणाआधी, गज मोजून नळी रिकामी असल्याची खात्री, प्लग बाहेर, कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, जुना टूथब्रश, तार, फुंकर. नळीतले आटे आणि कडा. सगळे सुकवून मग तेल, मग पेस्ट, मग बोटांनी आवळून पान्याने टेकवण्यापुरता दाब. दिवसभर निशाणेबाजी असेल तर दहा-बारा बारांनी एकदा, नळी रिकामी करून, प्लग अर्धा फेरा सैल करून परत बसवतो. बंदूक कपाटात ठेवली तरी महिन्याने एकदा प्लग काढून बघतो. त्याची बायको म्हणते, एवढी काळजी गाडीची घेतली असती तर.

तो प्लग गोव्याला आणू नकोस

तिसऱ्या वर्षी वैतागून तो म्हणाला, "नाताळात येतो तेव्हा प्लग बॅगेतून आणतो, तू लेथवर नाक नीट करून दे." मी साफ नाही म्हटले, आणि हे इथल्या सगळ्या वर्कशॉपवाल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीच्या व्याख्येत तिचे सुटे भागही येतात. तो अंगठ्याएवढा तुकडा कायद्याच्या नजरेत बंदूक. आणि त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवायलाच नव्हे, दुरुस्त करायलाही वेगळा परवाना लागतो. माझ्याकडे लेथ आहे, परवाना नाही. गावातला ओळखीचा माणूस "जरा बघ रे" म्हणून बंदूक आणून ठेवतो, तेव्हा चहा पाजावा आणि बंदुकीसकट परत पाठवावा.

आता आमच्या घरची. तिचे दुखणे वेगळे: पावसाळ्यात बार उडत नाही. भाऊ दरवर्षी बूड खोलायच्या गोष्टी करतो, कारण भाच्याच्या प्लगच्या गप्पा त्याने ऐकलेल्या. मी त्याला सांगतो, त्याचे बूड खोलायलाच केलेले आहे, आपले न खोलायला. जुन्या नळीचे बूड जबरदस्तीने फिरवले की आटे परत त्याच जागी येत नाहीत, आणि पुढचा बार कुठून निघेल ते सांगता येत नाही. ते काम परवानाधारक कारागिराचे, तेही बुडातून वायू येत असल्याची खूण दिसली तरच. आपण निपलपर्यंतच जायचे.

सत्तरीतला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर कुळागरात कपडे वाळत नाहीत, तिथे मांगराच्या भिंतीला टेकवलेल्या बंदुकीच्या निपलमध्ये ओल न जाऊन कशी चालेल? त्यात भाऊ निपलमध्ये वरून खोबरेल सोडायचा. गंज लागत नाही हे खरे, पण टोपीची ठिणगी त्या तेलात विझते. निपल किल्लीने काढा, कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, पिसाच्या काडीने वाट मोकळी करा, नळीत मागून पाणी खेचले जाईल असे चिंधी बांधलेल्या गजाने चार-पाच वेळा पंपासारखे करा, सगळे चुलीपासून लांब पण उबेला वाळवा आणि निपलच्या आट्यांना पेस्टचा एक ठिपका लावून परत बसवा. तेल नळीला बाहेरून आणि आतून पातळ, निपलमध्ये नाही. निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, २०२४ च्या लोकसभेच्या वेळी आमचीही केली होती. ती जमा करण्यापूर्वी अशीच धुऊन, वाळवून, तेल लावून द्या आणि परत मिळाली की त्याच दिवशी उघडून बघा. शेताच्या राखणीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे सत्तरीत सांगायची गरज पडू नये, पण पडते. १९७२ चा वन्यजीव कायदा रानडुकरालाही लागू आहे आणि गव्याला तर आहेच.

वाट मोकळी झाली का ते बघायला भावाला मी एक खेळ शिकवला आहे. गज टाकून नळी रिकामी असल्याची खात्री करायची, तोंड जमिनीवरच्या वाळक्या पानांपासून वीतभर वर धरायचे आणि नुसती टोपी उडवायची. पाने हलली तर वाट मोकळी. गेल्या श्रावणात पहिल्या खेपेला हलली नाहीत. निपल काढला तर आत कुंभारमाशीने मातीचे घर केलेले होते.